सिंथचा गंधार

षड्ज २४० हर्ट्झला धरला, तर ५/४ या प्रमाणातला शुद्ध गंधार बरोबर ३०० हर्ट्झला येतो. कीबोर्डवर गंधाराची पट्टी दाबली की निघणारा सूर असतो ३०२.३८ हर्ट्झचा. सेमीटोनचे शंभर भाग केले की एका भागाला सेंट म्हणतात; त्या मापाने हा गंधार १३.७ सेंट चढा आहे. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. पण सॉटूथ लहरीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे उपस्वर भरलेले असतात. षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० वर, कीबोर्डच्या गंधाराचा चौथा १२०९.५ वर. दोन्ही एकत्र धरून ठेवले की सेकंदाला साडेनऊ ठोके पडतात. त्या थरथरीचा गाण्याच्या लयीशी संबंध नसतो आणि सूर धरून ठेवलाय तोवर ती थांबत नाही. पंचमाच्या बाबतीत हाच फरक जेमतेम २ सेंटचा आहे, तिथे ठोका सेकंदाला एकसुद्धा पडत नाही. म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या टेम्पर्ड स्केलमध्ये तडजोडीचा सगळा भार गंधार, धैवत आणि निषादावर टाकलेला आहे, पंचम जवळपास सुटलाय. इलेक्ट्रॉनिक संगीत करताना मी ५/४ सारखी नैसर्गिक स्वरांतरं वापरते त्याचं कारण प्राचीनतेची ओढ नाही. बारा समान भागांची ही तडजोड ज्या वाद्यांसाठी झाली त्यांच्यावर ती खपून जाते. इलेक्ट्रॉनिक आवाजावर ती सर्वांत जास्त उघडी पडते, आणि तिची गरजही तिथेच सर्वांत कमी आहे, असं माझं कामातून झालेलं मत आहे.

पियानोवर हे का खपतं ते आधी पाहू. पियानोची तार जाड, ताठ पोलादाची असते. ताठपणामुळे तिचे उपस्वर पूर्णांकाच्या पटीत बसत नाहीत, वरचे उपस्वर जरा चढेच असतात. म्हणून पियानो लावणारा कारागीर सप्तकसुद्धा किंचित ताणून लावतो. शिवाय हातोडा पडल्यावर आवाज लगेच ओसरायला लागतो. ठोके मोजायला कानाला वेळ मिळत नाही, आणि मिळाला तरी मोजायला नेमके उपस्वर नसतात. गिटारचंही थोडंफार तसंच. सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, लहर निर्माण करणारा ऑसिलेटर यातलं काहीच करत नाही. त्याचे उपस्वर गणिताने ठरवल्यासारखे पूर्णांकी असतात, कारण ते गणितानेच ठरलेले असतात. सूर हवा तितका वेळ धरता येतो. पॅडचा सूर तर आठ-आठ मात्रा हलत नाही. चूक झाकणारी प्रत्येक गोष्ट इथे काढून टाकलेली आहे.

याच गुणांचं एक वाद्य आपल्याकडे घरोघरी होतं: पेटी. रीडचा आवाज भात्याच्या जोरावर टिकून राहतो, उपस्वर भरपूर असतात आणि नेमके असतात. तंबोऱ्यासमोर पेटीचा गंधार खटकतो ही तक्रार महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांब्या मोजून १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका काढली. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मोजणीच्या कामी आला. सरकारी न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स देवलांना येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून श्रुती-हार्मोनियम नावाची वेगळ्या सुरांची पेटी घडवून घेतली. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. बंदीमागे परकेपणाचं राजकारण होतं, पेटीवर मींड येत नाही हा आक्षेप होता, आणि टेम्पर्ड स्केलही होतं. तीन वेगळ्या तक्रारी एकाच वाद्याच्या गळ्यात बांधल्या गेल्या, त्यामुळे सुराच्या शास्त्राचा मुद्दा देशी-विदेशीच्या भांडणात वाहून गेला. आज तोच मुद्दा सिंथच्या निमित्ताने परत उभा राहतो आणि या वेळी तो नुसता ध्वनीच्या अंगाने मांडता येतो. पट्टीचे सूर बदलायला आता नवी रीड घासायला नको.

चढ्या गंधाराचा परिणाम डिस्टॉर्शनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. दोन सूर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. ३०० मधून २४० गेले, उरले ६०. हा ६० म्हणजे षड्जाच्या बरोबर दोन सप्तकं खालचा षड्ज. आपण न वाजवता खाली खर्जाचा पाया पडतो आणि बेसला आधार मिळतो. आता कीबोर्डचा गंधार घ्या: ३०२.३८ उणे २४० म्हणजे ६२.३८. हा सूर खर्जाच्या षड्जापेक्षा ६७ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या सेमीटोनच्याही पुढे, षड्ज नाही आणि कोमल रिषभही नाही. वर जी चूक १३.७ सेंटची होती ती खाली जाऊन पाचपट झाली. ६० हर्ट्झवर बेस वाजत असेल तर त्याच्याशी हा भुताटकीचा सूर भांडतो आणि मिक्स गढूळ होतो. मग माणूस इक्वलायझरने खालचा भाग कापत बसतो. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारवर वाजवणारे गंधार वगळून नुसता षड्ज-पंचम का धरतात, याचं बरंचसं उत्तर या वजाबाकीत आहे. गंधार ५/४ ला आणला की तोच कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये उघडतो आणि कापण्याचं काम उरत नाही.

तंबोऱ्याचा सॅम्पल लावून त्यावर सिंथचा पॅड पसरायचा, हा चित्रपटांच्या पार्श्वसंगीतापासून योगवर्गाच्या ध्वनिफितींपर्यंत सगळीकडे चाललेला प्रकार आहे. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून खर्जाच्या तारेचा स्वयंभू गंधार बोलतो. तो पाचवा उपस्वर आहे, म्हणजे ५/४ च. पॅडमध्ये कीबोर्डचा गंधार असला की त्या स्वयंभू गंधारावर १३.७ सेंट चढा गंधार येऊन बसतो. यावरचा रूढ इलाज म्हणजे तंबोऱ्याचा आवाज कमी करणं. ज्याचा गंधार बरोबर आहे त्यालाच गप्प करायचं, हा न्याय मला कधी पटला नाही.

मग हे असं का चालू राहिलं? कारण तडजोड यंत्राच्या पोटात भरलेली आहे. १९८३ साली इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायचा मिडी हा करार ठरला तेव्हा सूर म्हणजे ० ते १२७ मधला एक क्रमांक असं मानलं गेलं. ६९ म्हणजे ४४० हर्ट्झ, पुढचा क्रमांक म्हणजे पुढचा सेमीटोन. मधल्या सुराला क्रमांकच नाही. सूर सरकवणारा पिच बेंड आहे, त्यात १६३८४ पायऱ्या आहेत, वर-खाली दोन-दोन सेमीटोनच्या पल्ल्यात एका सेंटला जवळपास ४१ पायऱ्या मिळतात, म्हणजे बारकाई हवी तेवढी आहे. पण बेंड एका चॅनलवरच्या सगळ्या सुरांना एकदमच खाली-वर करतो. गंधार उतरवायला गेलं की षड्ज आणि पंचमही उतरतात. म्हणून प्रत्येक सुराला वेगळा चॅनल द्यायचा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. तो २०१८ मध्ये एमपीई या नावाने अधिकृत झाला. त्याआधी १९९२ मध्ये मिडीत वेगळ्या ट्यूनिंगची सोय आली होती, पण फार थोड्या वाद्यांनी ती घेतली. यामाहाच्या डीएक्स-७ च्या दुसऱ्या पिढीत मायक्रोट्यूनिंग होतं. वेंडी कार्लोसने १९८६ च्या ‘ब्यूटी इन द बीस्ट’ या अल्बममध्ये टेम्पर्ड स्केल बाजूला ठेवून स्वतःची स्वरमानं वापरली. आता स्काला नावाची साधी मजकूर-फाइल बरेच प्लगइन वाचतात: ९/८, ५/४, ४/३, ३/२, ५/३, १५/८, २/१ असे एकाखाली एक आकडे लिहिले की सप्तक तयार. एबलटन लाइव्हच्या २०२४ च्या आवृत्तीत तर हे थेट सॉफ्टवेअरमध्येच आलं. आडकाठी आता यंत्राची नाही, सवयीची आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की नैसर्गिक सूर एका जागी गोड लागतात, पण हलता येत नाही. आक्षेप खरा आहे. वरच्याच फाइलमध्ये रिषभ ९/८ आणि धैवत ५/३ आहे. त्या दोघांमध्ये षड्ज-पंचमभाव असायला हवा, म्हणजे ७०२ सेंट, निघतात ६८०. हा २१.५ सेंटचा खड्डा कुठेतरी पडणारच, तो फक्त कुठे पाडायचा ते ठरवता येतं. धैवत २७/१६ ला चढवला तर रिषभाशी जुळतो आणि गंधाराशी बिघडतो. भूप आणि देसकाराचा धैवत एक नाही असं गवई सांगतात, आणि गळ्याला दोन धैवत ठेवायला काहीच अडचण नसते. फाइलमध्ये मात्र पट्टी एकच असते. पाश्चात्य कॉर्डच्या रिंगणात हा खड्डा आणखी वाईट रीतीने समोर येतो. सी मेजर, ए मायनर, डी मायनर, जी मेजर आणि परत सी, हे हजारो गाण्यांतलं रिंगण प्रत्येक वेळी सामाईक सूर तसाच ठेवून शुद्ध प्रमाणांत फिरवलं तर परत येताना षड्ज २१.५ सेंट उतरलेला मिळतो. पाच फेऱ्यांत तो सेमीटोनपेक्षा जास्त घसरतो. सूर वाजता वाजता आपोआप सरकवून हा घोटाळा टाळणारी सॉफ्टवेअर आहेत, लॉजिक या सॉफ्टवेअरमधलं हर्मोड त्यातलंच. मला ते तंबोऱ्याबरोबर चालत नाही, कारण तिथे हलणारा सूर कोणता आणि अढळ कोणता याचा निर्णय यंत्र घेतं आणि खालचा षड्ज तर अढळच हवा असतो.

पण हा आक्षेप नेमका कोणाला लागू पडतो तेही पाहायला हवं. इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा भाग एका षड्जावर बसलेला आहे. टेक्नोचा ट्रॅक सात-आठ मिनिटं एकाच बेसवर चालतो, ॲम्बियंटमध्ये तर अर्धा-अर्धा तास काही बदलत नाही. ज्या हालचालीसाठी समविभाजन स्वीकारलं, ती हालचालच या संगीतात नसते. किंमत मोजायची, पण माल घ्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे. जिथे खरंच कॉर्ड फिरतात, जॅझच्या अंगाचं काही करायचं असतं किंवा पडद्यांची गिटार सोबतीला असते, तिथे मी टेम्पर्डच वापरते आणि त्यात मला तत्त्वाला बट्टा लागल्यासारखं वाटत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडचे जाणकार घेतात: गवई तरी कुठे ५/४ चा गंधार गातात? मोजून पाहणाऱ्यांनी पाहिलं आहे. मार्क लेव्ही यांचा उत्तर हिंदुस्थानी संगीतातल्या स्वरांच्या मोजणीवरचा ग्रंथ १९८२ मध्ये आला; एकच कलावंत एकच सूर एकाच रागात वेगवेगळ्या जागी लावतो, हे अशा मोजणीतून दिसतं. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी श्रुतींच्या कोष्टकाची बाजू घेत नाही. गळ्याचा गंधार जिवंत असतो: तो खालून येतो, कणाला स्पर्श करतो, आंदोलतो, सुटतो. त्याला एक आकडा चिकटवणं चुकीचंच आहे. पण ऑसिलेटरचा सूर न हलता उभा असतो. हलणाऱ्या सुराला जागा निवडण्याची मोकळीक असते, उभ्या सुराला ती नसते; तो जिथे ठेवला तिथे अखेरपर्यंत ठोके देत राहतो. प्रमाणबद्ध सुराची गरज गवयापेक्षा यंत्राला जास्त आहे. किराणा घराण्याच्या परंपरेतले पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले, तिथे ला माँट यंग आणि टेरी रायली हे संगीतकार त्यांचे शिष्य झाले. या दोघांनी गळ्यातून जे घेतलं ते यंत्रावर जसंच्या तसं उतरवलं नाही. यंगने साइन लहरींचे स्थिर सूर पूर्णांकी प्रमाणांत लावून खोल्याच्या खोल्या भरल्या. रायलीने यामाहाचा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन नैसर्गिक स्वरांतरांत लावून घेतला आणि त्यावर ‘श्री कॅमल’ केलं. सीबीएसने ते १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. गळ्याची लवचीकता यंत्रात आणता येत नाही हे ओळखून त्यांनी यंत्राच्या स्थिरतेला शोभेल असं काम केलं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो करणारा माणूस कान देऊन ऐकत असतो: शुद्ध कॉर्ड सिंथवर मेल्यासारखा वाजतो. वाजतोच. २४०, ३००, ३६० यांचं नातं ४:५:६. तिन्ही लहरी मिळून सेकंदाला साठ वेळा जशाच्या तशा परत येतात आणि कानाला तीन सूर न वाटता एकच रंगीत सूर वाटतो. थरथर गेली की तिच्याबरोबर हालचालही जाते. कोरस, डीट्यून, एकमेकांपासून किंचित सरकवलेल्या सात सॉटूथचा सुपरसॉ या सगळ्यांनी आपले कान इतके लठ्ठ आवाजाला सरावले आहेत की स्वच्छ आवाज रिकामा वाटतो. त्या लठ्ठपणात १३.७ सेंट बुडूनही जातात, हे कबूल करायला हवं. सुपरसॉवर नैसर्गिक ट्यूनिंग लावणं हा वेळेचा अपव्यय आहे.

पण थरथर गेल्यावर एक गोष्ट हाती येते जी टेम्पर्ड स्केलमध्ये मिळत नाही. ठोका आता आपण ठरवू शकतो. ट्रॅकची लय मिनिटाला १२० आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला दोन मात्रा. षड्ज २४० वरच ठेवून गंधार ३०० ऐवजी ३००.५ वर नेला की त्याचा चौथा उपस्वर १२०२ होतो, षड्जाचा पाचवा १२०० वरच असतो, आणि सेकंदाला दोन ठोके पडतात. कॉर्ड स्वतःच लयीत श्वास घेऊ लागतो. हा बदल तीन सेंटपेक्षाही कमी आहे, बेसूर कोणालाच वाटत नाही. गंधार ३००.२५ वर ठेवला तर दोन मात्रांना एक ठोका. पंचमालाही असंच वेगळं माप देता येतं: ३६०.५ वर त्याचा दुसरा उपस्वर ७२१ होतो, षड्जाचा तिसरा ७२० वर, आणि सेकंदाला एक ठोका पडतो. मग कॉर्डच्या आत दुगुण-ठाय असा लयीचा खेळ सुरू होतो, तोही आवाज हलवणारा एलएफओ न लावता. यासाठी आधी सूर शून्य ठोक्यांवर आणून ठेवावा लागतो. तिथून किती हलायचं ते मग आपल्या हातात. कीबोर्डवरचे साडेनऊ ठोके कोणीच मागितलेले नसतात. शिवाय पट्टी बदलली की त्यांचा वेगही बदलतो.

जाता जाता ४३२ हर्ट्झचाही निकाल लावून टाकते, कारण नैसर्गिक म्हटलं की कोणीतरी तो आकडा पुढे करतंच. ४४० ऐवजी ४३२ घेतले की सगळे सूर सारखेच खाली येतात, त्यांची आपसातली नाती तशीच राहतात. गंधार होता तितकाच चढा राहतो. आपल्याकडे गायक काळी एक की पांढरी चार हे गळ्याच्या सोयीने ठरवतो. त्यात विश्वाची स्पंदनं शोधायची गरज कोणाला पडलेली नाही.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती माझ्याच युक्तिवादातून निघते. उपस्वर पूर्णांकी असतील तरच पूर्णांकी प्रमाणं उपयोगाची. एफएम पद्धतीने केलेला घंटेचा आवाज, धातूच्या पट्टीचा आवाज यांचे उपस्वर वाकडेतिकडे पसरलेले असतात. तिथे ५/४ काय आणि टेम्पर्ड काय, दोन्ही सारखेच उपरे. बालीच्या गामेलानमध्ये वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावतात, कारण त्या ठोक्यांनीच त्या आवाजात जीव येतो. विल्यम सेथारिस यांनी १९९८ च्या पुस्तकात दाखवलं की आवाजाचे उपस्वर जसे, तसं त्याला शोभणारं सप्तक वेगळं निघतं. म्हणून ट्यूनिंग आधी आणि आवाज मागून, हा क्रम मला मान्य नाही. सिंथवर पॅच बांधायला घेतानाच दोन्ही ठरवावी लागतात.

उलट दिशेचंही एक उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. सूर टेम्पर्ड, बारा समान भागांचे, तरी ते ऐकताना खटकत नाहीत. कारण सुरावट एकेरी आणि चपळ आहे; दोन सूर एकमेकांवर रेंगाळतच नाहीत. पण त्यातलंच एक यंत्र, टीबी-३०३, एक गंमत करतं. त्याचा फिल्टर रेझोनन्स वाढवून वर-खाली फिरवला की तो सॉटूथचा एकेक उपस्वर उचलून ठळक करत जातो: चौथा षड्ज, पाचवा ५/४ चा गंधार, सहावा पंचम, सातवा... म्हणजे बेसचे सूर टेम्पर्ड असले तरी फिल्टर त्यांच्यावर नैसर्गिक सप्तक वाजवत असतो. ज्या ज्या ट्रॅकमध्ये हा आवाज आहे त्या सगळ्यांत हे चालू असतं.

सातव्या उपस्वरापाशी मात्र आपल्या परंपरेची मोजणी संपते. बावीस श्रुतींच्या रूढ कोष्टकातली प्रमाणं २, ३ आणि ५ याच अंकांतून निघतात. ७/४ म्हणजे ९६९ सेंट. कीबोर्डच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट उतरलेला, ९९६ आणि १०१८ सेंटच्या आपल्या दोन्ही कोमल निषादांपेक्षाही खाली. तंबोऱ्यातही तो ऐकू येतो, पण त्याला रागात सहसा घेत नाहीत. फिल्टर फिरताना तो स्पष्ट बोलतो, आणि वरून पट्टीवरचा कोमल निषाद वाजला की दोघांची जुंपते. मी निषाद ७/४ ला उतरवते. मग कोमल गंधारही ७/६ ला आणावा लागतो, कारण त्या दोघांत नेमका ३/२ चा भाव जमतो. पंचम आहे तिथेच राहतो. मध्यम मात्र बसत नाही: ४/३ आणि ७/४ यांच्यात ४७१ सेंट उरतात, षड्ज-मध्यमभावाला २७ सेंट कमी. तो हलवायला गेलं तर षड्जाशी बिनसतं, म्हणून अशा ट्रॅकच्या फाइलमध्ये मी मध्यमाची ओळ ठेवतच नाही आणि चाल चार सुरांतच बांधते.